नऊ नंबरची खिडकी

१

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पाल दिसली तरी मी खुर्चीवर चढते, आणि संध्याकाळी दुकान बंद केलं की कुलूप तीनदा ओढून बघते. त्या सकाळी वाचनालयाच्या वरच्या दालनात सगळ्यांच्या आधी पाऊल टाकायची वेळ नेमकी अशा बाईवर यावी, हे काही बरोबर झालं नाही.

प्रदर्शन अकराला उघडायचं होतं. मी नऊलाच गेले, फोटो सरळ लटकताहेत ना ते बघायला. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यात नवल नव्हतं. आमचे ग्रंथपाल वर्षभरापासून कुठल्याच दाराला कुलूप लावत नसत आणि लोक त्यांना विसरभोळे म्हणून हसत. आत चोवीस फोटो दोऱ्यांना चिमट्यांनी लटकवलेले होते. सगळ्यांत फक्त हात. सुई ओवणारे, भांडी घासणारे, बाळाला धरणारे. त्या सगळ्या हातांखाली, आडव्या झालेल्या शिडीच्या बाजूला, ज्यांचे हे फोटो ते मास्तर पडले होते.

"मास्तर, असे काय झोपलात?" मी मूर्खासारखं विचारलं.

त्यांचा चष्मा न फुटता बाजूला पडला होता आणि डोळे उघडे होते. मग मी किंचाळले. खालचे वाचक नंतर म्हणाले की आवाज रस्त्यापर्यंत गेला होता.

कुणीतरी मला धरून बसवलं, पाणी दिलं. पेला ओठाला लावताना माझी नजर भिंतीकडे गेली. नऊ नंबरचा पुठ्ठा जागेवर होता, पुठ्ठ्यावरची पांढरी चौकट जागेवर होती. चौकटीच्या आत फोटो नव्हता.

२

माझा धंदा फोटो माउंट करण्याचा, म्हणजे पुठ्ठ्यावर चढवण्याचा. लाकडी फ्रेम आणि काच ज्यांना परवडत नाही, ते माझ्याकडे येतात. मास्तरही त्यातलेच. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, उतारवयात कॅमेरा गळ्यात अडकवला आणि गावभर लोकांचे हात टिपत हिंडले. प्रदर्शन भरवायची हौस दांडगी, पण हातात पैसा नाही. मी म्हटलं, "मास्तर, वहीच्या कारखान्यात जाड पुठ्ठ्याचे तुकडे उरतात, पिठाची खळ मी शिजवते, दोरी आणि चिमटे बाजारातून आणू. फ्रेमच्या पाव खर्चात सगळं उभं करते."

यात एकच मेख आहे. खळीने चिकटवलेला कागद वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. नुसता पुढून फोटो चिकटवला तर पुठ्ठा दोन दिवसांत वाकतो. म्हणून मी मागच्या बाजूलाही तेवढाच खाकी कागद चिकटवते. दोन्हीकडून ओढ सारखी, पुठ्ठा सरळ. माझा पुठ्ठा टेबलावर ठेवला तर खालून पोस्टकार्डही सरकणार नाही, एवढा मला त्याचा गर्व.

चोवीसपैकी तेवीस फोटो मी असेच केले. नऊ नंबरचं मात्र मास्तरांनी वेगळं मागितलं. "याला खिडकी हवी," म्हणाले. खिडकी म्हणजे जाड पांढऱ्या कार्डाला मधे चौकोन कापायचा आणि ते कार्ड फोटोवर ठेवायचं, की कडा झाकल्या जाऊन मधलं तेवढं दिसतं. मापंही त्यांनीच दिली. "तू खिडकी काप, फोटो मी घरी बसवतो. आणि ती चिकटवायची नाही हं, नुसती अडकवायची. वेळ आली तर काढता आली पाहिजे."

त्याच दिवशी त्यांनी वाटीभर खळ आणि खाकी कागदाचा एक ताव मागून नेला. चोवीस नंबरही एका रात्रीपुरता नेला. चोवीस नंबर म्हणजे माझेच हात, खळ ढवळताना. "जरा पांढरे ठिपके पडलेत, ब्रशने भरतो," म्हणाले. मास्तरांचे छापलेले फोटो सुटे कुणाच्या हातात कधी पडायचे नाहीत. पत्र्याच्या चपट्या डब्यातून ते थेट माझ्याकडे यायचे आणि पुठ्ठ्यावर चढूनच बाहेर जायचे.

आदल्या संध्याकाळी फोटो लावायला आम्ही सहाजण होतो. मी, आमचे हे, मास्तर, ग्रंथपाल, फ्रेमवाला आणि लाँड्रीवाला. फ्रेमवाला मदतीला नव्हे, नावं ठेवायला आला होता. माझ्यामुळे त्याची चार गिऱ्हाइकं तुटली होती. त्याने एकेक पुठ्ठा निरखला आणि चोवीस नंबरपाशी येऊन खो खो हसला.

"हा बघा, पोट पुढे काढून उभा आहे! पिठाच्या खळीचं असंच होणार."

खरंच, पुठ्ठा मधे पुढे फुगला होता आणि कडा मागे गेल्या होत्या. माझं तोंड उतरलं. मास्तर घाईघाईने म्हणाले, "दमट हवा आहे, दुसरं काही नाही," आणि त्यांनी तो कोपऱ्यात टांगला.

मग ह्यांचं आणि मास्तरांचं वाजलं. आमचे हे सुतार. शिडी त्यांनीच बनवलेली, तिचे दोन पाय फाकू नयेत म्हणून मधे बांधलेली दोरीही त्यांचीच. सत्तरीचे मास्तर सारखे शिडीवर चढत होते. शेवटी हे ओरडले, "पडलात तर माझ्या नावाने बोंब मारायची नाही!"

सातला आम्ही घरी आलो. साडेसातला हे विसरलेला हातोडा आणायला एकटे परत गेले आणि वीस मिनिटांत आले.

मास्तर गेले ते आठच्या सुमाराला, असं डॉक्टरांनी सांगितलं. शिडीची दोरी तुटली नव्हती, कुणीतरी सोडली होती. मास्तरांच्या घरातून निगेटिव्हची एक पट्टीही नाहीशी झाली होती.

"गाठ तुम्ही बांधलेली," इन्स्पेक्टर ह्यांना म्हणाले. "सोडायची कशी तेही तुम्हालाच ठाऊक. भांडलात तुम्ही आणि शेवटी भेटलातही तुम्हीच. चला."

हे जाताना मला एवढंच म्हणाले, "दुकानाला कुलूप नीट लाव." आयुष्यात मला जेव्हा जेव्हा भीती वाटली, त्या प्रत्येक वेळी मी ह्या माणसाच्या पाठीमागे लपले होते. आता लपायला जागाच उरली नव्हती.

३

मी आत्याबाईंना बोलावलं. ह्यांच्या या आत्या. वाचनालयात तीस वर्षं पुस्तकं बांधली, आता निवृत्त. नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्याने धूसर दिसतं. पण बोटं अशी, की आंधळी कोशिंबीर खेळताना त्या कापडाचा पोत चाचपून माणूस ओळखायच्या.

"रडून झालं?" त्यांनी येताच विचारलं.

"नाही."

"मग चालता चालता रड. मला दालनात ने."

शिडी पोलिसांनी नेली होती, फोटो तसेच होते. आत्याबाई प्रत्येक पुठ्ठ्यावरून पुस्तकाच्या पाठीवरून फिरवावा तसा तळवा फिरवत गेल्या. नऊ नंबरची रिकामी खिडकी त्यांनी उचलून बाजूला ठेवली आणि मागचा पुठ्ठा चाचपला. वरच्या कडेला कागदाच्या दोन बारीक पट्ट्यांचे फाटके अवशेष होते. फोटो त्यांनाच लटकलेला असणार.

"फोटो केवढा होता गं?"

"खिडकीत दिसत होता तेवढा. थोडा जास्त असेल, धरायला."

त्यांनी खिडकी पुन्हा वर ठेवली, बोटांनी काहीतरी मोजलं आणि नुसतं "हं" केलं. चोवीस नंबरपाशी त्यांचा हात बराच वेळ थांबला.

"हे काम तुझं?"

"माझंच," मी खाली मान घातली. "दमट हवा…"

"बाकीच्या तेविसांना ही हवा लागली नाही वाटतं," असं म्हणून त्या दाराकडे वळल्या.

तिघांकडे आम्ही त्याच दिवशी गेलो. प्रत्येकाला आत्याबाईंनी एकच प्रश्न विचारला. नऊ नंबरात काय होतं?

फ्रेमवाला गुरगुरला. "हात होते. इस्त्री होती. आणि खिडकीची डावी कड केसभर तिरकी कापली होती, हे लिहून घ्या. मी कशाला कुणाला मारू? चार महिन्यांत हिचे पुठ्ठे आपोआप वाकले असते आणि सगळी गिऱ्हाइकं माझ्या दारात आली असती."

लाँड्रीवाला आता लाँड्रीवाला राहिला नव्हता, साबण विकत दारोदार फिरत होता. त्याची लाँड्री वाचनालयाच्या मागेच होती. वर्षापूर्वी तिला आग लागली. दोन बायका मागच्या दारापाशी गेल्या, पण त्यांना बाहेर पडता आलं नाही. "दार पलीकडून बंद होतं," तो चौकशीत ओरडून सांगत राहिला. पलीकडे वाचनालयाचा बोळ. ग्रंथपालांनी शपथेवर सांगितलं की त्या दाराला कधीच काही लावलेलं नव्हतं. याचं कुणी ऐकलं नाही. आठ महिने आत काढून तो बाहेर आला होता.

"नऊ नंबर म्हणजे तिचेच हात," तो म्हणाला. "माझ्याकडची इस्त्रीवाली, गेली त्यातली. मास्तर अधूनमधून येऊन फोटो काढायचे. मी धड बघितलाच नाही. मान वर झाली नाही माझी."

मला त्याची भीती वाटली. इतका शांत माणूस मनात काय घेऊन फिरत असेल, कुणी सांगावं?

ग्रंथपालांनी मात्र आम्हाला बसवून चहा दिला. मास्तर त्यांचा चाळीस वर्षांचा मित्र.

"असा फोटो पुन्हा होणार नाही," ते म्हणाले. "मी तो पहिल्यांदा पाहिला तो त्या संध्याकाळी, भिंतीवर. इस्त्रीवर दाबून धरलेले दोन हात, आणि कोपऱ्यात ती एवढीशी चप्पल. लहान मुलीची. रात्री डोळ्यांसमोरून जात नाही हो ती."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही हुंदका आला. आत्याबाईंनी मात्र चहा न पिता कप खाली ठेवला.

परतताना मी दुकानापाशी आले आणि थांबले. तीनदा ओढून बघितलेलं माझं कुलूप कडीसकट उचकटून पायरीवर ठेवलेलं होतं.

४

आत सगळं उलथंपालथं होतं. कागदांचे ताव जमिनीवर, खळीचं पातेलं लवंडलेलं, गिऱ्हाइकांच्या फोटोंची पाकिटं फाडलेली. चोरीला काही गेलं नव्हतं. गल्ल्याला कुणी हातही लावला नव्हता. टेबलावर माझी पुठ्ठा कापायची सुरी नीट सरळ ठेवलेली होती, पातं उघडं, टोक दाराकडे.

"मी गावाला जाते," मी म्हटलं. "आजच. मला हे झेपणार नाही आत्याबाई. तो पुन्हा येईल आणि मी आत असेन."

"येईल," आत्याबाई म्हणाल्या. "त्याला हवं ते मिळालेलं नाही ना. बस खाली, पातं मिटव. विचार कर जरा, जो आपले फोटो बघायला आला, तो काय शोधत असेल?"

"नऊ नंबर. पण तो तर त्याने आधीच नेला!"

"नेला, निगेटिव्हही नेली. तरी शोधतोय. याचा अर्थ?"

माझे दात वाजत होते, तरी उत्तर सुचलं. "आणखी एक प्रत आहे."

"मास्तरनेच त्याला सांगितलं असणार, मरण्याआधी. माझ्याकडे दुसरी प्रत आहे, मला काही झालं तरी ती आहे म्हणून. हुशार माणूस, पण धमकी कुणाला देतोय ते कळलं नाही त्याला." त्या माझ्याकडे वळल्या. "सूनबाई, तू त्या फोटोकडे संध्याकाळभर बघत होतीस. त्यात चप्पल होती?"

मी डोळे मिटले. इस्त्री, दोन हात, कापडाची घडी. बस.

"नव्हती. ग्रंथपाल रडत होते म्हणून मी बोलले नाही. चुकून दुसऱ्या फोटोतली आठवली असेल."

"चोवीस फोटोंत कुठल्या तरी एका फोटोत चप्पल आहे का?"

सगळे हातच तर होते.

"आता हे ऐक. त्या फाटक्या पट्ट्यांतली डावी पट्टी तुझ्या खिडकीच्या डाव्या कडेच्याही चार बोटं डावीकडे होती, कार्डाच्या खाली. फोटो तिथून सुरू होत होता. म्हणजे चार बोटं फोटो खिडकीने झाकलेला होता, मुद्दाम. मापं मास्तरनेच दिली होती ना? ती चप्पल त्या चार बोटांत आहे. खिडकी काढल्याशिवाय ती दिसत नाही."

"पण मग तेच… त्यांनी मला वहिनी वहिनी म्हणून चहा दिला हो!"

"नुसत्या चपलेवर कुणी सुटत नाही, आणि कुणी अडकतही नाही. तो दुःखात काहीतरी बोलून गेला म्हणतील, आणि मला म्हातारी म्हणतील. दुसरी प्रत पाहिजे." आत्याबाई उठल्या. "उद्या सकाळी दहाला दालनात जा. खाली काउंटरवर ग्रंथपाल असतील. त्यांना सांग, चोवीस नंबर वाकलाय, मागचा कागद सोडवून नीट करायला नेते. मग वर जा आणि काढ."

"तुम्ही?"

"मला डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचंय."

"मी एकटी?"

"एकटीच. नवऱ्याला घरी आणायचंय ना?"

५

खालचं वाचनालय भरलेलं होतं, पंखे फिरत होते, पेपर चाळल्याचा आवाज येत होता. मी पाठ केलेलं वाक्य ग्रंथपालांना म्हणून दाखवलं. "मागचा कागद" या शब्दांवर त्यांची पेन्सिल थांबली.

"जा ना वहिनी," ते म्हणाले.

दालनात कुणी नव्हतं. टोकाला जुना जाड पडदा, मधे रिकामी फरशी, आणि भिंतीवर ते सगळे हात. मी स्टुलावर चढून चोवीस नंबरचे चिमटे काढले. पुठ्ठा हातात आला आणि तेव्हा मला कळलं, हवेवर ढकललेली ही चूक मी कधी केलीच नव्हती. पुढे एक कागद आणि मागे एक कागद असेल तर पुठ्ठा सरळच राहणार. हा मागे ओढला गेला होता. म्हणजे मागे कागद जास्त होता. वाटीभर खळ आणि खाकी कागदाचा एक ताव. मी मागून बोट फिरवलं. खाकी कागदावर आणखी एक खाकी कागद होता, कडा सफाईने जुळवलेल्या. मास्तरांनी दुसरी प्रत माझ्याच हातांच्या पाठीमागे लपवली होती.

जिन्यावर पावलं वाजली.

ग्रंथपाल आत आले आणि त्यांनी मागे दार लोटलं. "बघू तो पुठ्ठा," त्यांचा आवाज अगदी मऊ होता.

"दुकानात… दुकानात नेऊन नीट करते सर."

"इथेच बघू. काल तुमच्या दुकानात सगळं पाहिलं, हा तेवढा राहिला. मला सुचायला हवं होतं."

मी पुठ्ठा छातीशी धरला. एका मुलखाच्या भित्र्या बाईला जे जे वाटतं ते सगळं मला वाटत होतं. खालचे पंखे माझी किंकाळी गिळून टाकतील, शिडी नाही पण जिना आहेच, आणि ह्यांना कुणी सोडवणार नाही. ग्रंथपालांनी हात मागे नेऊन दाराची कडी धरली. लोखंड वाजलं.

कडी सरकली नाही. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. तो हात कडीवर होता, बोटं पांढरी पडली होती, कपाळावरून घाम ओघळत होता. कडी गंजलेली नव्हती. त्यांना ती लावताच येत नव्हती.

"लावा ना," पडद्यामागून आत्याबाई म्हणाल्या. "वर्षभर एकही दार लावता आलेलं नाही तुम्हाला. लोक विसरभोळे म्हणतात. मला ते कधी पटलं नाही. ज्याने तीस वर्षं एकेका पुस्तकाचा हिशेब ठेवला, तो कुलूप विसरतो?"

त्यांच्या मागून इन्स्पेक्टर बाहेर आले. ग्रंथपाल होते तिथेच, दाराला टेकून, खाली बसले.

मी माझ्या पिशवीतलं ओलं फडकं काढलं. कशाला आणलं होतं कुणास ठाऊक, सवय. वरचा खाकी कागद भिजवला आणि हलक्या हाताने सोडवला. आत तो फोटो होता, पूर्ण. इस्त्री, दोन हात. आणि डावीकडे चार बोटांच्या पट्ट्यात लाँड्रीचं मागचं दार, भिंतीवर रोज पान फाडायचं कॅलेंडर, आगीच्या दिवसाची तारीख. दार बोटभर उघडं होतं. त्या फटीतून पलीकडची ताणलेली साखळी दिसत होती, साखळीत कुलूप, आणि कुलपाला वाचनालयाचा पितळी बिल्ला. दाराच्या आत, खाली, एवढीशी चप्पल.

"त्या महिन्यात अकरा पुस्तकं गेली होती," ग्रंथपाल फरशीकडे बघत म्हणाले. "त्या बोळातून नेतात असं वाटलं. म्हणून दुपारपुरती साखळी लावायचो, कुणाला न सांगता. धूर आला तेव्हा मी किल्ली शोधत होतो. सगळे खण उपसले. किल्ली खिशात होती हो. सापडली तेव्हा आतून आवाज यायचा थांबला होता. मी साखळी काढून घेतली. मग कुणी विचारलं तर काय सांगू? मला भीती वाटली."

"आणि मास्तर?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"त्याने ते रीळ धुतलंच होतं उशिरा. म्हणाला, उद्या अकराच्या आत तू स्वतः सांग, मग खिडकी तशीच राहील, हे जगाला तू तुझ्या तोंडाने सांगितलंस असं होईल. नाही सांगितलंस तर सगळ्यांसमोर मी ती काढतो. शिडीवरून बोलत होता. मी खाली शिडी धरून उभा होतो. दोरी माझ्या हाताशी होती." त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. "मला भीतीच वाटली."

ती चप्पल त्यांनी आम्हाला का सांगितली, हे मला तेव्हा उमगलं. लपवायचं त्यांनी सगळं लपवलं होतं, तारीख, साखळी, बिल्ला. चप्पल लपवावी असं त्यांच्या मनातच आलं नाही. ती त्यांना पुरावा वाटत नव्हती. ती फक्त दिसत होती, सारखी.

घरी जाताना मी आत्याबाईंवर चिडले. "कुलूप नसलेल्या दारातून पहाटेच आत शिरलात, पडद्यामागे पोलीस होते, मला सांगायला काय झालं होतं?"

"तुझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं. तुला माहीत असतं, तर तो जिन्यातूनच परत गेला असता. तू मनापासून घाबरलीस म्हणून तो वर आला."

"आणि इन्स्पेक्टरांनी तुमचं बरं ऐकलं!"

"लहानपणी वाचनालयाच्या पुस्तकांची पानं फाडायचा तो. मी चिकटवायचे, आणि त्याच्या आईला सांगायचे नाही."

६

हे त्याच दुपारी सुटले. दारात उभे राहून आधी उचकटलेल्या कडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुलूप नीट लाव म्हटलं होतं ना," म्हणाले, आणि मी त्यांच्या गळ्यात पडून इतकी रडले की शेजारी जमा झाले.

प्रदर्शन आठवड्याने उघडलं. लाँड्रीवाल्याची चौकशी पुन्हा सुरू झाली होती. पोलिसांनी त्या फोटोची एक मोठी प्रत काढून दिली, मूळची त्यांच्याकडे. नऊ नंबरसाठी नवी खिडकी कापायला मी कार्ड घेतलं, पट्टी ठेवली, पातं उघडलं. कुठलीही कड कापली तरी काहीतरी झाकलं जाणार होतं. मी कार्ड परत ठेवून दिलं आणि फोटो तसाच पुठ्ठ्यावर चढवला, मागे एकच खाकी कागद. वाळल्यावर टेबलावर ठेवून बघितला. सरळ होता.

फ्रेमवाला आला, पुठ्ठा कडेने निरखला आणि काही न बोलता पुढे गेला. त्याच्याकडून एवढंच पुष्कळ होतं. लोक नऊ नंबरपुढे गर्दी करत होते. कुणी तारखेवर बोट ठेवी, कुणी बिल्ल्यावर. लाँड्रीवाला कोपऱ्यात उभा होता, या वेळी मान वर करून.

गर्दी ओसरल्यावर एक म्हातारी सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. इस्त्रीवालीची आई आणि मुलगी. मुलीने आईच्या हातांकडे बराच वेळ बघितलं. मग ती खाली वाकली, फोटोच्या डाव्या कोपऱ्याला नाक टेकेल इतकी, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ही माझी चप्पल. मी तेव्हा लहान होते. आता होत नाही मला."

मी "हो का?" म्हटलं.

संध्याकाळी दालन बंद करायची वेळ झाली. ग्रंथपाल नव्हते म्हणून वाचनालयाने किल्ली माझ्याकडे दिली होती. मी आत एक चक्कर मारली, पडद्यामागे बघितलं, कुणी राहिलं नाही ना याची खात्री केली आणि कुलूप लावलं. तीनदा ओढून बघितलं. मग अर्ध्या जिन्यातून परत वर गेले, कुलूप काढलं, दार उघडून आत हाक मारली, "कुणी आहे का?" कुणी नव्हतं. तेव्हापासून मी कुठलंही दार लावण्याआधी तसं विचारते. आमचे हे हसतात, हसू देत.